शेवंतीचं हो

"आई, तुला चालेल ना गं तिथे?" सुचित्रानं विचारलं, आणि शेवंती म्हणाली, "हो."

सुचित्रानं वडिलांकडे वळून पाहिलं. "बघा बाबा, हो म्हणाली ती." मांडीवरच्या फॉर्मचं पान तिनं उलटलं आणि 'रुग्णाची संमती' या ओळीपुढच्या रिकाम्या चौकोनावर पेनाचं टोक आणून थांबवलं. लवू धुरी खिडकीशी उभा राहून ओल्या नॅपकिनची घडी घालत होता. चार वेळा घातलेली घडी त्यानं मोडली आणि पाचव्यांदा घालायला घेतली. त्याला सांगायचं होतं, की आज सकाळपासून शेवंती चहाला हो म्हणाली, ग्रिलवर बसलेल्या कावळ्याला हो म्हणाली, शेजारच्यांच्या मिक्सरला हो म्हणाली, आणि टीव्हीवरच्या बाईनं समुद्र खवळणार असल्याचं सांगितलं तेव्हा तिलाही समजुतीच्या सुरात हो म्हणाली. आठ महिन्यांपूर्वी मेंदूतली एक शीर तुंबली, उजवं अंग गेलं आणि सगळे शब्द गेले; उरला तो हा एवढाच. सुचित्राला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून तिनं विचारलं होतं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि यात तिची चूक तरी काय, असंही त्याला लगेच वाटलं. गेल्या मंगळवारी न्हाणीघरात शेवंतीला उठवताना त्याच्या कमरेत चमक भरली आणि दोघंही फरशीवर बसली. पाऊण तास तशीच बसून होती, सुचित्रा ठाण्याहून येईपर्यंत. तिनं दार उघडून आत पाहिलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला होता ते लवूला अजून दिसत होतं.

"बदलापूर म्हणजे काही परदेश नाही," सुचित्रा म्हणाली. "नर्सेस आहेत, व्यायाम करून घेतात, मागे बाग आहे. आणि तुम्ही माझ्याकडे या. दर रविवारी जाऊ आपण तिला भेटायला. उद्यापर्यंत कळवायचंय हो बाबा, तेवढाच वेळ बेड धरून ठेवलाय त्यांनी."

"हं."

"हं काय? मी तर म्हटलं होतं, खालच्या मजल्यावरच्या मालनबाईंना दिवसभर ठेवा. तुम्हीच नको म्हणालात. परकी बाई घरात वावरणार म्हणून."

"नको नाही म्हणालो. बघू म्हणालो होतो."

"तेच ते! जन्मल्यापासून तुमचं बघू ऐकतेय मी. शाळेची सहल, बघू. सायकल, बघू. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझे सासरे दोन तास समोर बसून राहिले आणि तुम्ही बघू म्हणालात. आईनं आतून येऊन पेढे ठेवले म्हणून जमलं ते." बोलता बोलता तिला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं पेनाला टोपण लावलं. "मी आता जाते. संध्याकाळी फोन करते. बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण काहीतरी एक म्हणा."

ती गेली. दार लागल्याचा आवाज झाला, तेव्हा शेवंती त्या आवाजालाही हो म्हणाली.

दुपारचं ऊन बैठकीत पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. हॉस्पिटलात असतो तसला, बाजूला लोखंडी कठडा असलेला पलंग आता बैठकीतच होता, कारण आतल्या खोलीत तो मावत नव्हता. लवू खुर्चीवर बसला. काहीतरी एक म्हणा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे पोरीकडून ऐकावं लागतं, आणि तेही तिचं खरं असतं. गंमत म्हणजे याच शब्दावर त्याच्याजवळ एक आख्खी वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, प्रेसमधून आणलेली. मॅट्रिकच्या पुढे न शिकलेल्या माणसानं असला उद्योग करावा याची त्याला इतकी लाज वाटे, की ती वही तो कपाटात स्वेटरच्या खाली ठेवी. वहीत युरोपातले 'हो' होते. प्रत्येक देशाचं वेगळं पान. ते कुठून आलं, कशापासून झालं, कधी वापरतात, कधी नाही. दादरच्या वाचनालयात शनिवारी दुपारी बसून जाड जाड कोशांतून उतरवलेलं. ग्रंथपाल बाईंनी एकदा विचारलं होतं, "पीएचडी करताय का?" आणि तो इतका ओशाळला की पुढचे दोन शनिवार गेलाच नाही.

हे वेड लागलं ते गिरगावात. ठाकूरद्वाराच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात तो एकोणिसशे अडुसष्ट साली मुद्रितशोधक म्हणून लागला. छापखाना परदेशी जाणाऱ्या औषधांच्या डब्यात घालायची घडीपत्रकं छापायचा. पोलंडला, हंगेरीला, पूर्व जर्मनीला, पुढे पोर्तुगालला. त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नसे आणि त्यातलं एक अक्षर चुकलं तर चालत नसे. म्हणून दोन माणसं समोरासमोर बसत. एकानं मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या प्रुफावर पेन्सिल फिरवत पाहायचं. शब्द वाचता येत नसल्यामुळे वाचायचं ते एकेक अक्षर. त्याच्या समोर बसायला बाहत्तर साली एक मुलगी आली. लालबागच्या चाळीत भावाकडे राहणारी, मालवणची, दोन वेण्या पुढे घेतलेली. मिस राणे. पहिल्या आठवड्यात तिनं जगातल्या सगळ्या चिन्हांना नावं ठेवून टाकली. दोन टिंबंवालं ओ म्हणजे डोळे वटारलेलं ओ. खाली आकडा लोंबणारं सी म्हणजे शेपटी सी. आणि पोलिश भाषेतलं ते आडवी रेघ मारलेलं एल, ते 'एल, पोटात काडी'. ही नावं छापखान्यात अशी रुळली की ती गेल्यावरही वीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर तीच वापरत.

खालच्या मजल्यावर यंत्रं धडधडत, आणि तो आवाज फळ्यांमधून वर येई. त्यामुळे टेबलाचा एक नेम होता, तो कुणी घालून दिला ते ठाऊक नाही. दर ओळीला तपासणाऱ्यानं 'हो' म्हणायचं. हो म्हणजे ओळ बरोबर आहे असं नाही. हो म्हणजे ऐकलं, मी तुमच्याबरोबर आहे, झोपलो नाही. ओळीत चूक असेल तर हो म्हणायचं आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर दोन ठोके द्यायचे. तोंड चालू ठेवायचं, म्हणजे लय मोडत नाही. चूक पेन्सिल सांगते. मग वाचणाऱ्यानं मान वरसुद्धा न करता तीच ओळ पुन्हा वाचायची, वाचण्यात चुकलं असेल तर दुरुस्त करून. सकाळी ती वाचायची आणि तो तपासायचा. जेवणानंतर तिचा घसा बसे, मग तो वाचायचा आणि ती तपासायची. हो. हो. हो. हो, ठक ठक. अशा दोन वर्षांच्या दुपारी.

पत्रकाच्या शेवटी प्रश्न असत, आणि पुढे दोन चौकोन. हे औषध पूर्वी घेतलं आहे का, अंगावर पुरळ येतं का, हो, नाही. त्या दोन चौकोनांवरूनच त्याला कळायला लागलं, की प्रत्येक पत्रकात याच जागी 'हो' बसलेलं असतं. एकदा पोलिश पत्रक वाचताना ती थांबली. "टी, ए, के. ताक! काय ओ धुरी, हे लोक हो म्हणायच्या जागी ताक देतात वाटतं?" तो लाजून हसला आणि शनिवारी वाचनालयात जाऊन त्यानं ते शोधलं. मूळ अर्थ 'असं'. हंगेरीचं इगेन, तेही म्हणे 'असं'च्याच घरातलं. सोमवारी हे तिला सांगताना त्याच्या तळहातांना घाम आला होता. ग्रीक पत्रकाचे खिळे छापखान्यात नव्हते, त्याचा तयार ठसा आला. तेव्हा एका वकिलाच्या ओळखीनं त्यानं हो कुठलं ते विचारून आणलं. एन, ए, आय यांच्यासारखी दिसणारी तीन अक्षरं. ती टेबलावर डोकं ठेवून हसली. "म्हणजे नाय! आमच्या मालवणात नाय म्हटला तर तो थंय होय होता! धुरी, ग्रीकाक मुलगी देऊ नये हा कोणी."

असं हे साठत गेलं. लॅटिनमध्ये हो नव्हतंच, हे वाचलं त्या शनिवारी तो दादरपासून परळपर्यंत चालत आला होता. एवढं मोठं राज्य, आणि हो म्हणायला शब्द नाही. आलास का, विचारलं तर आलो म्हणायचं. मग 'असं' म्हणायला लागले, त्याचं इटलीत नि स्पेनमध्ये 'सी' झालं. फ्रान्सच्या दक्षिणेला नुसतं 'हे' म्हणत, उत्तरेला 'हे तो' म्हणत, आणि त्या हे-तोचं घासून घासून 'वी' झालं. वेल्समध्ये आणि आयर्लंडात अजूनही क्रियापदच परत करतात. त्याला वाटलं, आपण तरी वेगळं काय करतो? जेवलास? जेवलो. आपल्या घरात बापानं आयुष्यात कधी हो म्हटल्याचं आठवत नाही. गिरणीतून आला की आई विचारी, पाणी काढू? काढ. आणि सगळ्यांत त्याला आवडलेलं पान होतं जर्मनीचं. तिथे दोन हो आहेत. एक साधं, या. दुसरं 'डोख', ते फक्त तेव्हा, जेव्हा समोरचा नाही म्हणून बसलेला असतो. तू येणार नाहीस ना? डोख. येणार तर. फ्रेंचांकडेही त्यासाठी वेगळा शब्द आहे. नाही धरून बसलेल्या माणसासाठी एक खास हो ठेवावं, ही किती माया, असं त्यानं त्या पानाच्या समासात लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं.

हे सगळं शोधणाऱ्या माणसानं मिस राणेला काहीच विचारलं नाही. विचारलं ते इतरांनी, आणि तेही फक्त त्याला. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तिचा भाऊ लवूच्या वडिलांकडे आला, दोघांच्या गावांमधलं अंतर चार मैल निघालं, आणि छापखान्यातली माणसं बोलायला लागली आहेत तेव्हा लवकर उरकू असं ठरलं. "पसंत ना रे?" वडिलांनी विचारलं. लवू पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "गप आसा म्हणजे पसंत आसा," काका म्हणाला आणि सुपारी फुटली. आणि तिच्या बाजूनं? तिच्या बाजूनं भाऊच बोलला. तिला स्वैपाकघरातून चहा घेऊन बोलावलं गेलं, तोवर सगळं ठरलेलं होतं. पुढे कधीतरी, सुचित्रा पोटात असताना, शेवंती सहज म्हणाली होती, की मालवणच्या शाळेत तिला बालवाडीवर शिकवायला घेणार होते, त्या जूनपासून. एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. त्या एका वाक्यावर लवूनं पन्नास वर्षं काढली. भाजी खारट झाली तरी त्याला ती बालवाडी दिसे. ती खिडकीशी गप्प उभी राहिली तर वाटे, हिला विचारलं असतं तर ही नाहीच म्हणाली असती. छापखान्यातला हा मुखदुर्बळ माणूस कोण करून घेईल? विचारून खात्री करता आली असती. पण विचारायचं म्हणजे उत्तर ऐकावं लागणार.

"हो," शेवंती म्हणाली. तिनं कशाला म्हटलं ते पाहायला लवूनं मान वर केली. काहीच नव्हतं. ऊन तिच्या चादरीवर चढलं होतं.

आणि तेव्हा त्याला जरा विचित्र वाटलं. शेवंती घरात कधी 'हो' म्हणत नसे. घरात तिचं सगळं मालवणीत. होय तर. होय गो बाये. भांडताना, होय होय, तुमचाच खरा. मासेवाली तुळसा चाळीत यायची तेव्हापासूनची तिची मैत्रीण. चाळीच्या जागी टॉवर झाल्यावरही वॉचमनला दम देऊन पाटी घेऊन वर येते. तीच परवा म्हणाली होती, "दादा, ही माजी शेवंती न्हाय. माजी शेवंती होय बोलते. ही कोनाचा हो बोलतेय?" आणि शेवंती सुरमईला हो, बांगड्याला हो म्हणत असताना तुळसानं आपल्या मनानं चार बोंबील ठेवले होते, कारण बुधवारी शेवंती बोंबीलच घेते. लवू तेव्हा हसला होता. आता ते वाक्य त्याच्या कानात पुन्हा वाजलं. कोणाचं हो? शहरी, आखूड, दर थोड्या वेळानं येणारं. सगळ्या शब्दांची पडझड झाल्यावर आईच्या भाषेतलं होय वाचलं नाही आणि हे वाचलं. हे तर ठाकूरद्वाराचं होतं. त्या टेबलावरचं.

तो उठला. कमरेवर हात ठेवत कपाटाशी गेला, स्वेटरखालून वही काढली. वहीत पोलंडच्या पानाशी एक पिवळं पडलेलं घडीपत्रक होतं, दर महिन्याला फिरून छपाईला येणारं, मिस राणेला तेव्हा अक्षरन्‌अक्षर पाठ झालेलं. कशासाठी काढलं ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं तिला वहीसुद्धा नीट दाखवली नव्हती. लग्नानंतर तिनं नोकरी सोडली आणि ते बोलणंच थांबलं. त्यानं खुर्ची पलंगाजवळ ओढली, अगदी टेबलापलीकडे बसावं तशी, आणि वाचायला सुरुवात केली. पूर्वीच्याच सुरात, सपाट, घाई न करता. "पी, आर, झेड, ई, डी."

"हो."

"झेड, ए, झेड, डोक्यावर टिंब, वाय, सी, आय, ई, एम."

"हो."

बरं वाटत होतं. खाली दूर लालबागच्या पुलावरून गाड्यांची घरघर येत होती, थोडीशी यंत्रांसारखी. मोतीबिंदूचा डोळा मिटून दुसऱ्यानं तो ओळ धरत होता. "सी, ए, एल, वाय, पूर्णविराम."

"हो," शेवंती म्हणाली, आणि कठड्यावर ठक ठक झालं.

लवूनं कागद डोळ्यांजवळ नेला. ते एल नव्हतं. त्याच्या पोटात काडी होती.

तिचा डावा हात कठड्यावर होता, मधलं बोट वाकलेलं. नख लोखंडाला टेकलेलं. ती छताकडे बघत होती. लवूनं आधी स्वतःलाच समजावलं, हात थरथरतात तिचे, डॉक्टर म्हणालेच होते. त्यानं ओळ पुन्हा वाचली, दुरुस्त करून. एल, पोटात काडी. "हो." कठडा गप्प. पुढच्या ओळीत त्यानं मुद्दाम एक अक्षर गाळलं. हो, ठक ठक. त्याच्या पुढच्या दोन ओळी बरोबर वाचल्या. नुसतं हो, हो. तिसरीत पुन्हा चूक केली. ठक ठक, या वेळी जरा जोरात, प्रशिक्षणाला आलेल्या नवशिक्याला द्यावे तसे.

त्यानं घडीपत्रक मिटलं. पण कागद धरल्यासारखा हात तसाच ठेवला, कारण प्रश्न विचारायचे नव्हते. प्रश्न विचारण्याची त्या टेबलाची रीत नव्हती. तिथे ओळ वाचत.

"शेवंती बदलापूरला राहील, पूर्णविराम."

"हो." ठक ठक.

"लवू ठाण्याला सुचित्राकडे राहील, पूर्णविराम."

"हो." ठक ठक.

"दोघं इथेच राहतील, स्वल्पविराम, मालनबाई रोज सकाळी येतील, पूर्णविराम."

"हो," शेवंती म्हणाली. तो थांबला. कठड्यावर बोट तसंच होतं. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. बोट हललं नाही.

फोन वाजला तेव्हा सहाही वाजले नव्हते. सुचित्राला धीर धरवला नसावा. "बाबा, काय ठरवलंत?"

"नाही."

हा शब्द आपण तिला पहिल्यांदाच ऐकवतोय, असं लवूला वाटलं. तो त्याच्याच कानाला परका लागला.

"नाही म्हणजे?"

"ती नाही म्हणतेय. बदलापूरला नाही जायचं तिला."

"अहो, माझ्यासमोर हो म्हणाली ती!"

"हो म्हणजे ऐकलं," लवू म्हणाला. "तू ये उद्या, दाखवतो तुला. आणि येताना मालनबाईंना सांग, उद्यापासून या म्हणावं. नाही, थांब. मीच सांगतो. मीच जातो खाली."

"तुम्ही?" सुचित्रा म्हणाली. "तुम्ही स्वतः बेल वाजवणार?" आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, आई खरंच काही म्हणाली?"

"उद्या ये," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो लगेच खाली गेला नाही. पुन्हा खुर्चीत येऊन बसला. ऊन भिंतीवर गेलं होतं, शेवंतीचे डोळे अर्धे मिटले होते. ती झोपली तर बरं, असं त्याला वाटलं, आणि ती झोपू नये असंही वाटलं. त्यानं वही उघडली, जर्मनीच्या पानावर, तिथं समासात खोडलेली ओळ होती तिथं बोट ठेवलं. मान खाली घातली. आता थांबलो तर परत कधी जमायचं नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"एकोणिसशे चौऱ्याहत्तर साली मिस राणेला कुणी विचारलं नाही, पूर्णविराम."

"हो," ती म्हणाली. ठोका आला नाही. तेवढं त्याला माहीतच होतं.

पुढची ओळ तो पन्नास वर्षं मनातल्या मनात वाचत आला होता, आणि ती पाठ होती. "विचारलं असतं, स्वल्पविराम, तर ती नाही म्हणाली असती. पूर्णविराम."

"हो."

लवू कागदाकडे बघत राहिला. अक्षरं पुसट झाली होती. बरं तर. हेच होतं. निदान आता कळलं.

ठक ठक.

त्यानं मान वर केली नाही. चूक सापडली की वाचणाऱ्यानं मान वर करायची नसते; ओळ पुन्हा वाचायची असते, दुरुस्त करून. पण त्याला आवाज फुटेना. शेवंती वाट पाहत होती. मग नखानं पुन्हा दोन ठोके दिले, जरा चिडून, काम खोळंबलंय म्हणून.

"विचारलं असतं," लवूनं वाचलं, "स्वल्पविराम. तर ती हो म्हणाली असती. पूर्णविराम."

"हो," शेवंती म्हणाली, आणि कठड्यावरचा हात तिनं उचलून चादरीवर ठेवला.